रविवारी, शेवटच्या रांगेत

परदेशात आल्यावर पहिले आठ महिने मी चर्चची पायरी चढले नाही. कारणं भरपूर होती. भाषा धड कळत नाही, ओळखीचं कुणी नाही, झोपायला एकच रविवार मिळतो. आणि उपासना काय, फोनवरही होते. पांघरुणात बसून उपदेश लावायचा, कंटाळा आला की पुढे सरकवायचा. बायबल उशाशी असायचं, प्रार्थनाही सुटली नव्हती. फक्त त्या प्रार्थनेची हळूहळू माझ्याच गाऱ्हाण्यांची यादी झाली. सोयीचं वचन काढायची, टोचणारं पान उलटायची. टोकायला होतंच कोण?

मग बाबा गेल्याचा फोन आला. जाणं जमलं नाही. त्या रविवारी घरात बसवेना, म्हणून जवळच्या चर्चमध्ये जाऊन शेवटच्या रांगेत बसले. गीत सुरू झालं. चाल लहानपणापासूनची, शब्द परके. तोंडून आवाजच फुटेना. शेजारच्या आजींनी गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः गात गात ओळीखालून बोट फिरवत राहिल्या. बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी गात नाही हे त्यांना दुसऱ्या कडव्यालाच कळलं असणार. तरी बोट शेवटच्या ओळीपर्यंत सरकत राहिलं.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली, दुसऱ्या अध्यायातली गोष्ट त्या रात्री पुन्हा वाचली. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडून बाज खाली सोडतात. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो, असं तिथे आहे. बाजेवरचा माणूस तर सबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही. इतक्यांदा ऐकलेल्या गोष्टीतला हा ‘त्यांचा’ मला तेव्हा दिसला.

तेव्हापासून अनेकवचनं शोधायचा नादच लागलाय. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पिता ‘आमचा’, भाकर ‘आमची’, अपराधसुद्धा ‘आमचे’. दार लावून एकटीने म्हटली तरी ‘माझ्या’ म्हणायची सोय नाही. बायबलमधलंच, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. विषय एका दासाचा, म्हणजे तसा घरगुतीच. तरी पौल सुरुवातीलाच त्या घरात जमणाऱ्या मंडळीचं नाव घेतो. आणि पौलाच्याच नावाचं, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र, त्याचा चौथा अध्याय तर परदेशी राहणाऱ्याने वाचावाच. पौल कैदेत आहे. प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असं सांगतो. आणि त्याच अध्यायात म्हणतो, लवकर ये, हिवाळ्याच्या आत ये, त्रोवसात राहिलेला झगा आण, मार्कला सोबत घे. देव जवळ होता, तरी त्याला माणसं हवी होती.

एकांताशी माझं भांडण नाही. येशू स्वतः निवांत जागी जाऊन प्रार्थना करायचा. पण चौथ्या शतकातला कैसरियाचा बसील मठवासीयांसाठी लिहिताना विचारतो, एकटा राहिलास तर पाय कुणाचे धुशील? या प्रश्नाने माझी चांगलीच पंचाईत केली. कारण घरात एकटी असताना माझ्याइतकी सहनशील बाई शोधून सापडायची नाही. चर्चमध्ये गेलं की दहा मिनिटांत खरं काय ते कळतं.

तिथे एक गृहस्थ आहेत, ते दर रविवारी मला व्हिसाचं काय झालं विचारतात. दर रविवारी मी तेच उत्तर देते आणि मनातल्या मनात चरफडते. दोघी जणींचं आपसात पटत नाही, त्या प्रभुभोजनाला मुद्दाम वेगवेगळ्या बाजूंनी येतात. पण येतात, आणि एकाच भाकरीतलं घेतात. दुखावून कायमची बाहेर पडलेली माणसंही मला माहीत आहेत. त्यांना ‘चला परत’ म्हणून हाताला धरून ओढायची माझी हिंमत नाही.

मागच्या रविवारी अंगात ताप होता, गेले नाही. उपासना संपायची वेळ झाली आणि फोन वाजला. तेच गृहस्थ. “आज दिसला नाहीत?” ताप आहे म्हटल्यावर त्यांनी तिथूनच फोनवर माझ्यासाठी प्रार्थना केली, मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. आमेन म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, “आणि हो, व्हिसाचं काय झालं?”