तुम्ही विचारलंत म्हणून: रेस्टच्या दिवशी मी घरी काय करतो

"रेस्टला घरी बसून करतोस तरी काय?" मेहुणा विचारतो, सोसायटीतले काका विचारतात, ड्युटी संपवून लॉबीत साइन ऑफ करताना बरोबरचे मोटरमन विचारतात. आता मुलगीही विचारायला लागली आहे. "काही नाही" म्हटलं की कोणालाच पटत नाही. वर ऐकून घ्यावं लागतं, की लोकलच्या कॅबमध्ये बसूनच तर असतोस, मग सुट्टीलाही बसायचं? म्हणून एकदा नीट सांगतो.

मी खिडकीत बसतो. कळव्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि समोर पारसिकचा डोंगर दिसतो. फाल्गुन सरत आला की डोंगर करडा पडतो आणि मधेच एखादा पांगारा लाल होऊन उभा असतो. कंपाउंडच्या भिंतीलगत पिंपळ आहे. त्याची नवी पालवी तांबूस, इतकी तुकतुकीत की आत्ताच कोणी पाणी मारून गेलंय असं वाटावं. तांबट कुठेतरी बसून टुक-टुक करत असतो. शोधला तर सापडत नाही, म्हणून मी शोधत नाही. मग डोक्यात काहीबाही येतं. कोकिळेची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात, तर त्यांना कोकिळेसारखं ओरडायला शिकवतं कोण? चहा गार होतो. बायको गरम करून देते, तोही गार होतो.

परवा असाच १६ एप्रिल १८५३ डोक्यात आला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तो दिवस. १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे, निघताना २१ तोफांची सलामी. ठाण्याला पोचायला सव्वा तास लागला म्हणतात. मी तिथीचा हिशेब मांडून बघितला, तर चैत्राचा शुद्ध पक्ष निघाला. म्हणजे वाटेतल्या आंब्यांना कैऱ्या लगडलेल्या असणार. गाडी चालवणाऱ्यांना त्या दिसल्या असतील का? या एका प्रश्नावर माझी अख्खी सकाळ गेली, आणि ती वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

मला त्या दिसल्या नसत्या. गाडी चालवताना कैरी बघायची मुभाच नसते. कॅबमध्ये मी एकटा, गार्ड पार मागच्या टोकाला. कागदोपत्री तो आता ट्रेन मॅनेजर झालाय, आमच्या तोंडी गार्डच आहे. त्याच्या दोन बेल आल्या की गाडी सोडायची. डेडमन हँडल दाबून धरायचं, हात सुटला की ब्रेक लागतो. सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले की पुढे एक पिवळा, त्याच्या पुढे लाल, असं धरूनच चालायचं. मोबाइल बंद. गर्दीच्या वेळी मागे बारा डब्यांत चार-पाच हजार माणसं. विचार आला की तिथल्या तिथे परतवायचा, हे माझ्या नोकरीतलं निम्मं काम आहे, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही. परतवलेले विचार कुठेतरी साठून राहतात. रेस्टच्या सकाळी ते येतात, मी येऊ देतो.

पण घरच्यांच्या प्रश्नामागे दुसरंच आहे, हे मला कळतं. त्यांना वाटतं मी बसून 'तेच' आठवतो. तेही सांगून टाकतो.

होळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन, फास्ट गाडी, सिग्नल हिरवा. दोन स्टेशनांच्या मधे एक माणूस रूळ ओलांडत होता. मला तो लांबूनच दिसला. पलीकडच्या लाइनवर समोरून गाडी येत होती. तीही त्याने बघितली आणि शहाण्यासारखा मागे सरकला. मागे म्हणजे माझ्या रुळांत. तिथे तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, समोरची गाडी जायची वाट बघत. हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही. इमर्जन्सी ब्रेक तर आधीच टाकला होता. पण त्या गाडीच्या आवाजात माझा आवाज त्याला ऐकू जात नव्हता. पाठीवर सॅक होती, तिची एक चेन अर्धी उघडी होती. एवढं दिसेपर्यंत मी त्याच्या जवळ पोचलो होतो.

ब्रेक मारला म्हणून एवढी गाडी जागच्या जागी थांबत नाही. ती थांबली तेव्हा तो खूप मागे राहिला होता. गार्डला कळवलं. पुढच्या स्टेशनात स्टेशन मास्तरांना मेमो दिला. प्लॅटफॉर्मवर लोक लेट का म्हणून ओरडत होते. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना काय माहीत. पुन्हा दोन बेल आल्या आणि मी गाडी सोडली.

त्याआधीचा मी नव्या मुलांना ठासून सांगायचो, लक्ष असलं की काही होत नाही. त्या दिवशी माझं लक्ष पूर्ण होतं. इतकं, की सॅकची चेन दिसली. पुढे चौकशीतही माझ्याकडे बोट दाखवण्यासारखं काही निघालं नाही. मग लक्ष देऊन मिळवलं काय? तेव्हाच्या मला हे विचारलं तर तो म्हणेल, लाल सिग्नलला गाडी थांबते ती लक्षामुळेच. खरं आहे. मी अजूनही तेवढंच लक्ष देतो. पण आता नव्या मुलांना ते वाक्य सांगताना माझी जीभ अडते.

त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं, याला एकटं बसू द्यायचं नाही. तलावपाळीवर नेलं, मॉलमध्ये नेलं, पाडव्याच्या स्वागतयात्रेत नेलं. त्यांची माया कळत होती, म्हणून गेलो. पण गर्दीत मी माणसं बघतच नाही. कोण पाठ करून उभा आहे, कोण न बघता मागे सरकतोय, एवढंच बघतो. लेझीम खेळणारी मुलं एक पाऊल मागे आली आणि माझा उजवा हात ब्रेकसाठी आवळला. बाहेर पडलो की माझी ड्युटी सुरू होते. खिडकीत ती नसते. पिंपळाकडे बघताना मला कोणाला वाचवायचं नसतं.

हे बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग परवा खालून लांब हॉर्न ऐकू आला तेव्हा तू ताडकन उठून का उभा राहिलास?"

उठलो होतो, नाही म्हणत नाही. पुढच्या हॉर्नलाही उठेन बहुतेक. तिचं म्हणणं, बसून राहतोस म्हणूनच असं होतं. माझं म्हणणं, घरात झालं तर निदान परत खाली बसता येतं, कोणाला काही समजावत बसावं लागत नाही. आमचं एकमत झालेलं नाही. येत्या रेस्टला सकाळी लवकर येऊरच्या जंगलात जाऊ, कुसुंबाची लाल पालवी बघू, असं ती म्हणते आहे. मी दुपारनंतर म्हटलंय. सकाळ मला हवी आहे.