आज आर्ट फेअरला जाऊन आले!

इथे ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या) आर्ट फेअरमध्ये चित्रं बघायची राहूनच गेली, कारण उत्तरेकडच्या आर्नहेम लँड भागातून आलेल्या एका आजींसमोरून मला उठवेचना. त्या टोपल्या विणण्यासाठी पॅन्डॅनसची पानं सोलत होत्या. झाड आपल्या केवड्याच्याच कुळातलं, कडांना तसेच काटे. आजींनी काटेरी कड ओढून काढली, अंगठ्याच्या नखाने पान चिरलं आणि पातळ पापुद्रा सुटा केला. सगळं गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता!

पुढे या पट्ट्या वाळवून रंगात उकळायच्या. पिवळा रंग एका झुडपाच्या मुळीतून निघतो, त्यातच राख टाकली की तांबूस होतो. मुळ्या खणायला, पानं तोडायला बायका मिळून रानात जातात. एवढं सगळं झाल्यावर मग विणायला बसायचं. म्हणून "टोपलीला एवढे पैसे?" असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

असे कलाकार आपापल्या भागातल्या आर्ट सेंटरमधून, म्हणजे कलाकेंद्रातून, फेअरला येतात आणि ही सेंटर्स त्या त्या समाजाच्याच मालकीची असतात. वाळवंटातलं एर्नाबेलाचं सेंटर तर १९४८ पासून चालू आहे. तिथल्या बायका आधी मेंढीची लोकर कातून गालिचे करायच्या, सत्तरच्या दशकात बाटिककडे वळल्या. फेअरमधल्या विक्रीचे सगळे पैसे कलाकारांना आणि त्यांच्या सेंटरलाच मिळतात.

डार्विनच्या मंडळींनो, उद्या नक्की जा. आणि काही घेतलंत तर सोबतचं प्रमाणपत्र मागून घ्या, त्यावर विणणारीचं नाव असतं.