आमची वाटचाल: बॅटरी बदलण्यापासून वायरिंग मोजण्यापर्यंत

मोटरहोम आणि कॅम्परच्या छतावर सोलर पॅनेल बसवणं, हे आमचं मूळ काम. सुरुवातीला त्याचा साचा ठरलेला होता. छतावर दोन पॅनेल, आत एक पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा साधा नियंत्रक) आणि सीटखालच्या खोक्यात १०० एएचच्या, म्हणजे अँपिअर-तासांच्या, दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या. पुढे एजीएम, म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या आल्या, पीडब्ल्यूएमच्या जागी पॅनेलमधून जास्त वीज काढणारे एमपीपीटी कंट्रोलर आले, आणि आता आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या लिथियमसाठीच येतात. येणाऱ्याची समजूत साधी असते: जुनी बॅटरी काढायची, त्याच खोक्यात नवी ठेवायची. तेवढं काम तासाभराचं आहे. उरलेला सगळा वेळ त्या बॅटरीकडे जाणाऱ्या आणि तिच्यापासून निघणाऱ्या तारांवर जातो. त्यामुळे आमच्या कामाचा क्रमच आता उलटा झाला आहे. आधी मोजणी, मग चार्जिंगचे स्रोत, मग तारा आणि फ्यूज, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी.

लेड-ॲसिड मागे पडली त्याची कारणं सगळेच सांगतात. २०० एएचमधले १०० एएच वापरायचे, त्याखाली गेलं की आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियमच्या १०० एएचमधले ८० ते ९० एएच बिनधास्त वापरता येतात. १०० एएचची लेड-ॲसिड २८ ते ३० किलोची, तर लिथियम ११ ते १३ किलोची. हे सगळं खरंच आहे, पण सोलरवर चालणाऱ्या गाडीत लेड-ॲसिडचं खरं दुखणं दुपारी दिसतं. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की ती करंट घेणंच कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास लागतात आणि तेवढ्यात ऊन उतरतं. छतावर पॅनेल भरपूर, डोक्यावर ऊन लख्ख, आणि बॅटरी घेतेय जेमतेम पाच अँपिअर. असे दिवस सलग गेले की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि दोन वर्षांत ती निकामी होते. लिथियम मात्र जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट घेते. पॅनेल तेच ठेवून नुसती बॅटरी बदलली तरी हाती येणारी वीज वाढते, ती यामुळे.

आम्ही बसवतो ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. हे कॅथोडचं, म्हणजे सेलच्या धन ध्रुवाचं, रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. यात कोबाल्ट नसतो आणि तापमान वाढलं तरी फॉस्फेटची रचना ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. मोबाइलच्या बॅटरीला लागलेल्या आगीचे व्हिडिओ पाहून घाबरलेल्या ग्राहकाला आम्ही एवढंच सांगतो की या बॅटरीत धोका रसायनापेक्षा ढिल्या लगचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीचा) आणि चुकीच्या फ्यूजचा जास्त आहे.

मोजणीपासून सुरुवात करू. आम्ही कागदावर रोजचा खर्च मांडतो. कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॉटचा आणि दिवसाच्या ४० टक्के वेळ चालू असेल तर सुमारे ४८० वॉट-तास, म्हणजे ३८ एएच. पंखा २५ वॉटचा, दहा तास चालला तर २० एएच. दिवे ५, लॅपटॉप १६, पाण्याचा पंप ५, गॅस डिटेक्टर आणि इतर किरकोळ ५. बेरीज ९० एएचच्या आसपास. या यादीत कोणीही न लिहिणारी एक गोष्ट असते: इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. २००० वॉटचा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी १५ ते २० वॉट खातो. चोवीस तासांचे ते २८ ते ३८ एएच होतात, म्हणजे जवळपास दुसरा फ्रिजच. म्हणून इन्व्हर्टरचा रिमोट स्विच पलंगाजवळ हाताशी हवा, गाडीच्या मागच्या डिकीत नको.

९० एएच रोजचा खर्च आणि दोन ढगाळ दिवस निभावायचे असतील तर २०० एएच लिथियम पुरते. ती रोज भरायला सुमारे ११७० वॉट-तास लागतात. छतावर सपाट बसवलेले ४०० वॉटचे पॅनेल, चार तासांचं चांगलं ऊन आणि २५ टक्के तूट धरली तर १२०० वॉट-तास मिळतात. हिशेब जेमतेम जुळतो. एसीच्या डब्याची किंवा अँटेनाची सावली पॅनेलवर पडत असेल तर तोही जुळत नाही. इंडक्शनवर स्वयंपाक करायचा असेल तर गणित पुन्हा मांडावं लागतं. १५०० वॉटवर वीस मिनिटं म्हणजे तुटीसकट ४५ एएच. शिवाय तेवढा वेळ १३० अँपिअर सलग ओढले जातात. १०० अँपिअर बीएमएसची (मर्यादा ओलांडली की करंट तोडणारी बॅटरीतली संरक्षण यंत्रणा) एकच बॅटरी असेल तर भाजी अर्धी शिजल्यावर गाडीत अंधार होतो.

यानंतर चार्जिंगचे तीन स्रोत: सोलर, अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं जनित्र) आणि बाहेरच्या प्लगवरचा चार्जर. बिघाडाच्या बहुतेक तक्रारी यातल्या एकात सापडतात.

सोलर कंट्रोलर सगळ्यात सोपा. ॲबसॉर्प्शन (पूर्ण भरण्याचा टप्पा) १४.२ ते १४.४ व्होल्ट, वेळ अर्धा तास, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचा टप्पा) १३.४ ते १३.५. इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मुद्दाम दिलेलं जास्तीचं चार्जिंग) पूर्ण बंद, कारण त्यात व्होल्टेज १५ च्या पुढे जातं आणि बीएमएस चार्जिंग तोडून टाकते. तापमानाची भरपाई शून्य. हे शेवटचं सेटिंग नेहमी राहून जातं. लेड-ॲसिडसाठी कंट्रोलर २५ अंशांखालच्या दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट वाढवतो. ५ अंशांच्या पहाटे १४.४ चे जवळपास १४.९ होतात, आणि एलएफपीची कमाल मर्यादा १४.६ आहे. मग ग्राहक म्हणतो, उन्हाळ्यात नीट चालते, थंडीत सकाळी चार्जिंग मध्येच तुटतं. कंट्रोलर जुना पीडब्ल्यूएम असेल आणि त्यात लिथियमचं किंवा स्वतः भरायचं सेटिंगच नसेल, तर तो बदलण्याला पर्याय नाही.

अल्टरनेटरवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. लेड-ॲसिड बॅटरी आपल्या अंतर्गत रोधामुळे स्वतःच करंटला लगाम घालते. लिथियमचा रोध इतका कमी की रिकामी बॅटरी साध्या रिलेवर थेट जोडली तर अल्टरनेटर देऊ शकेल तेवढं सगळं ती ओढते. गाडी सिग्नलला किंवा घाटात रेंगाळत असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो. करंट पूर्ण आणि हवा नाही, अशा अवस्थेत त्याची वाइंडिंग आणि डायोड भाजतात. दुसरा धोका असा की बीएमएसने भर करंटमध्ये चार्जिंग अचानक तोडलं तर व्होल्टेजचा झटका उसळून डायोड जातो, कधी गाडीचं इलेक्ट्रॉनिक्सही जातं. म्हणून मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. ३० अँपिअरचा बहुतेक गाड्यांना पुरतो. अल्टरनेटरच्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशाच्या वर आम्ही जात नाही. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर तो व्होल्टेज मध्येच १२.५ पर्यंत उतरवतो. तेव्हा चार्जरला इग्निशनची वेगळी तार द्यावी लागते, नाहीतर इंजिन चालू असूनही तो बंद पडतो.

अल्टरनेटरकडून येणाऱ्या मुख्य तारेची जाडी पाहताना लांबी दोन्ही बाजूंची धरायची. इंजिनपासून मागच्या बॅटरीपर्यंत ४ मीटर असेल तर जाऊन-येऊन ८. चार्जर आउटपुटला ३० अँपिअर देत असला तरी इनपुटला ३५ च्या वर ओढतो. १० चौरस मिमी तांब्यात अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. १६ घातली तर तूट ०.३ वर येते. आम्ही १६ च घालतो.

बाहेरच्या प्लगवर चालणारा जुना कन्व्हर्टर, म्हणजे गाडीतला चार्जर, बहुधा १३.६ व्होल्टवर अडकलेला असतो. बॅटरी त्यावर मरत नाही, पण शेवटचा टप्पा रेंगाळतो आणि सेल बॅलन्स होत नाहीत. बीएमएसचं बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरून घेणं) दर सेलला साधारण ३.४ व्होल्टच्या वर सुरू होतं आणि १३.६ ला बॅटरीतल्या चार सेलने भागलं तर नेमके ३.४ च येतात. वर्षभर असं चाललं की एक सेल पुढे निघून जातो, बीएमएस त्याला पाहून चार्जिंग तोडते आणि १०० एएचची बॅटरी ८० चीच वाटू लागते. लिथियम प्रोफाइलचा चार्जर लावून १४.४ वर काही तास ठेवली की फरक हळूहळू भरून निघतो.

आता तारा आणि फ्यूज. यात आम्ही कुणाचीही घासाघीस ऐकत नाही. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टला सुमारे १८५ अँपिअर ओढतो. दीड मीटर अंतराला ७० चौरस मिमीची केबल घातली तर ०.१४ व्होल्टची तूट. तिथेच कुणी २५ ची घातलेली असेल तर तूट ०.३९ व्होल्ट, आणि त्या केबलमध्ये ७० वॉटची उष्णता, बंद लाकडी खोक्याच्या आत. इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो आणि दोष नव्या बॅटरीवर येतो.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात, आणि तो क्लास टी. शॉर्ट झाल्यावर एलएफपी बॅटरीतून काही हजार अँपिअर वाहू शकतात. साध्या मेगा फ्यूजची तोडण्याची क्षमता २००० अँपिअरच्या आसपास असते. त्याहून जास्त करंट आला तर फ्यूज वितळतो, पण आतला आर्क (ठिणगीचा झोत) विझत नाही आणि करंट चालूच राहतो. क्लास टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. २००० वॉटच्या इन्व्हर्टरला २५० अँपिअरचा लावतो.

क्रिम्प, म्हणजे केबलवर लग दाबून बसवलेले जोड, हायड्रॉलिक साधनानेच करायचे, हातोडी आणि छिन्नीने नाही. लग थेट टर्मिनलवर बसला पाहिजे. स्टीलचा वॉशर लगच्या वर येतो, लग आणि टर्मिनलच्या मध्ये कधीच नाही. काम झाल्यावर १०० अँपिअरचा भार टाकून प्रत्येक जोडावर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून पाहतो. चांगल्या जोडावर काही मोजके मिलिव्होल्ट दिसतात. १०० दिसले तर त्या एका जोडावर दहा वॉट जळत आहेत.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण भरतो. व्होल्टेज सारखं दिसलं म्हणजे चार्ज सारखा, असं एलएफपीत नसतं. ४० टक्क्यांची आणि ६५ टक्क्यांची बॅटरी दोन्ही १३.१ च्या आसपास दिसतात. मग पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतो, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो. तीन किंवा जास्त असतील तर बसबार (सगळ्या केबल एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणि सगळ्यांना समान लांबीच्या केबल.

याच कारणाने जुना व्होल्टेजवर चालणारा चार दिव्यांचा मीटर निरुपयोगी ठरतो. तो आज पूर्ण, उद्या पूर्ण, परवा पूर्ण दाखवतो आणि मग एकदम शून्य. त्याऐवजी आत-बाहेर जाणारा करंट मोजून चार्ज सांगणारा ५०० अँपिअरचा शंट. त्याची सेटिंग्ज अशी. पूर्ण चार्ज ओळखण्याचं व्होल्टेज १४.०, टेल करंट (चार्जिंगच्या शेवटी उरलेला करंट) ४ टक्के, प्यूकर्ट (जास्त भारावर क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.०५, चार्ज कार्यक्षमता ९९ टक्के. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची एकच केबल राहिली पाहिजे. चेसिसची अर्थिंग, सोलरचा निगेटिव्ह, सगळं शंटच्या पलीकडे. एक जरी तार बॅटरीवर राहिली तरी तिचा करंट मोजला जात नाही आणि आठवड्यात आकडा भरकटतो.

बसवण्याचा क्रम थोडक्यात: बाहेरचा प्लग काढायचा, पॅनेलचा ब्रेकर उतरवायचा, जुन्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडायचा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. उलटं केलं तर काही कंट्रोलर सिस्टिम २४ व्होल्टची समजतात. इन्व्हर्टरची शेवटची केबल लावण्याआधी ५० ओहमच्या रेझिस्टरमधून काही सेकंद त्याचे कपॅसिटर भरून घ्यायचे, म्हणजे मोठी ठिणगी पडत नाही आणि बीएमएसही ट्रिप होत नाही.

काही कामं आम्ही घेत नाही. लेड-ॲसिड आणि लिथियम कायमची समांतर जोडणं, बॉनेटखाली लिथियम ठेवणं, बीएमएसशिवाय सुटे सेल बसवणं, ही त्यातली. थंड प्रदेशात फिरणाऱ्या गाडीत बॅटरी बाहेरच्या खोक्यात ठेवायलाही नकार देतो, हीटर असलेली नसेल तर. शून्य अंशाखाली चार्ज केलं की ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण ध्रुवावर, लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत विरत नाही. डिस्चार्ज उणे २० पर्यंत चालतो, म्हणून दिवे लागत असतात आणि मालकाला काही बिघडतंय असं वाटत नाही. इथे मोजायचं ते सेलचं तापमान, हवेचं नाही. रात्रभर गोठलेली बॅटरी सकाळी दहाच्या उन्हातही आतून गारच असते.

ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये आणखी एक गोष्ट तपासतो: ब्रेकअवे ब्रेक. ट्रेलर हुकमधून सुटला तर हा ब्रेक ट्रेलरच्याच बॅटरीवर लागतो. बीएमएस त्या क्षणी बंद असेल तर ब्रेकच नाही. त्यासाठी वेगळी छोटी सीलबंद लेड बॅटरी, तिच्या स्वतःच्या चार्जिंगसह, ठेवतो.

गाडी परत देताना बरोबर एक पान देतो. त्यावर सगळी सेटिंग्ज, प्रत्येक फ्यूजची जागा आणि रेटिंग, आणि मोजलेले मिलिव्होल्ट. त्याच पानावर, बॅटरी शून्य व्होल्ट दाखवत असेल तर ती मेली असं समजू नका, हेही लिहिलेलं असतं. बहुधा बीएमएस झोपलेली असते. काही चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाहीत, तेव्हा दुसरी १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर समांतर लावून तिला जागं करायचं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करायचा. गॅस डिटेक्टर आणि स्टिरिओ स्विचच्या आधी जोडलेले असतील तर तेही सोडायचे, कारण अर्धा अँपिअर सतत गेला तर १०० एएच सव्वाआठ दिवसांत संपतात.