चहापुरता गॅस

माळ्यावर, सॅकच्या शेजारी, बुटांच्या एका खोक्यात ट्रेकच्या स्टोला लावायच्या गॅसच्या पाच डब्या आहेत. भरलेली त्यात एकही नाही आणि रिकामीही एकही नाही. कानाशी धरून हलवलं की प्रत्येकीतून थोडं खुळखुळतं. दर ट्रेकच्या आदल्या रात्री मी हे खोकं काढतो, पाचही डब्या हलवून बघतो, ‘वर जाऊन संपली तर?’ असं स्वतःलाच विचारतो आणि दुसऱ्या दिवशी एक नवी डबी विकत घेतो. परत येतो तेव्हा तीही अर्धी असते. परवा दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा बायकोनं खोकं माझ्यापुढे ठेवलं. “ह्यांचं काय लोणचं घालायचंय?”

प्रश्न बरोबर होता. स्टो घेताना आपण ज्योत बघतो, वजन बघतो, घडी केली की किती लहान होतो ते बघतो. मागे काय उरतं, ते मात्र कुणी बघत नाही.

कॉलेजात असताना मागे काजळी उरायची. तीन दगड, वाळलेल्या कारवीच्या काटक्या आणि फुंकणीऐवजी एकाची छाती. कारवी भसाभसा पेटते आणि तितक्याच लगबगीनं विझते, त्यामुळे खिचडी शिजेपर्यंत दोघं सरपणाच्या मागे आणि उरलेले धुरात. पातेल्याला बाहेरून ओली माती लिंपली की काजळी मातीबरोबर निघून येते, ही अक्कल पायथ्याच्या एका मावशींनी दिली, तीही आमची काळीठिक्कर पातेली बघून. पातेली घासता आली, गुहांची छतं कोण घासणार? हरिश्चंद्रगडाचा परिसर १९८६ पासून अभयारण्यात आहे. आम्ही तिथे चुली पेटवल्या तेव्हाही तो अभयारण्यातच होता. आम्हाला कुणी हटकलं नाही एवढंच.

मग आमच्यातल्या एकानं आजीचा पितळी स्टो आणला. वातीचा नव्हे, पंपाचा. ह्या स्टोचं कुळ मोठं. स्वीडनच्या लिंडक्विस्टनं १८९२ मध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो काढला, त्याचं नाव प्रायमस. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा तो बरोबर होता, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. एवढा फिरलेला प्राणी आमच्याकडे मात्र दर वेळी रुसायचा. ह्या स्टोत रॉकेल नव्हे, रॉकेलची वाफ जळते. म्हणून आधी स्पिरिटचा काकडा लावून बर्नर चांगला तापवायचा आणि मगच पंप मारायचा. आमच्यात तेवढा धीर कुणाला? बर्नर कोमट असतानाच चार दणके मारले की पिवळा भडका उठायचा आणि सगळे दोन पावलं मागे. एकदा बर्नरचं भोक साफ करायची पिन घरी राहिली. भोक तुंबलं. पोरांनी सॅक उलट्या केल्या, सेफ्टी पिन निघाली, ती जाड. शेवटी कच्चा कांदा आणि फरसाण खाऊन झोपलो. पण पेटला की काय आवाज! तो घरघराट ऐकला की चहा अर्धा प्याल्यासारखाच वाटायचा.

त्याचं उरणं म्हणजे वास. रेशनचं निळं रॉकेल बाटलीत भरून, बुचाला प्लॅस्टिक बांधून न्यायचो, तरी ते झिरपायचंच. एकदा ते दशम्यांच्या डब्यापर्यंत पोचलं. भूक अशी होती की आम्ही त्या खाल्ल्या, आणि पुढचे दोन दिवस ढेकर रॉकेलचे. ही बाटली आम्ही लोकलनं कसाऱ्यापर्यंत नेत असू, ह्याची आज लाज वाटते. आगगाडीतून रॉकेल न्यायचं नसतं हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

मधे काही महिने हेक्सामाइनच्या, म्हणजे घट्ट इंधनाच्या गोळ्यांचं वेड लागलं. खिशात मावणारी पत्र्याची चूल, वर वडीएवढी पांढरी गोळी. वजन नाही, पंप नाही, सांडायची भीती नाही. वाराही नको मात्र, जरा झुळूक आली की ती ज्योत पातेलं सोडून शेजारच्या दगडाला ऊब देते. पातेल्याच्या बुडाला चिकट काळा थर बसतो आणि वास मासळी बाजाराचा. आमच्यातल्या शाकाहारी मित्रानं तो चहा घ्यायला साफ नकार दिला.

तर शेवटी गॅस. त्यातही एक गाढवपणा करून झाला. डबीच्या डोक्यावरच बर्नर बसवायचा, तो इवलासा स्टो घेतला होता. राजगडावर पद्मावती माचीवर चौघांची मॅगी त्यावरून अलगद कलंडली, कुत्र्यांची चैन झाली. वारा अडवायला त्याला चोहीकडून पत्रा लावावा, तर उष्णता डबीलाच लागते, आणि तापलेल्या डबीजवळ बसण्याची मला हौस नाही. आता नळीचा आहे. बर्नर जमिनीलगत, डबी हातभर लांब, मधे खुशाल आडोसा करा. दीडशे ग्रॅम जास्त वाहतो, पण चहा पातेल्यातच राहतो. तंबूच्या आत मात्र तोही पेटवत नाही. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

आपल्याकडे मिळणाऱ्या लांबट डब्यांत बहुतेक ब्युटेन असतो. शून्याच्या जरा खालीच त्याची वाफ होणं थांबतं. सह्याद्रीत कुठे एवढी थंडी, असं मलाही वाटायचं. पण वाफ होताना डबी स्वतःच गार होत जाते. डिसेंबरात पहाटे कळसूबाईखाली, हवा सात-आठ अंशांवर असताना, ज्योत निरांजनाएवढी झाली. तेव्हापासून डबी रात्री स्लीपिंग बॅगेत, पायांशी. हिमालयात जायचं तर आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रणच हवं, आणि ते विमानातून नेता येत नाही. तिथे मी मुकाट्यानं वाटाड्यांच्या रॉकेलचा चहा पितो.

अर्ध्या डब्या घरच्या सिलिंडरवरून भरून घेण्याचं अडॅप्टर एका मित्रानं सुचवलं. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब जास्त, आणि ह्या पातळ पत्र्याच्या डब्या तेवढ्या दाबासाठी केलेल्या नसतात. मित्राला म्हटलं, तुझ्या स्वयंपाकघरात कर, मी खाली पार्किंगमध्ये थांबतो.

बायकोनंच मग केकचा वजनकाटा काढून दिला. रिकामी डबी साधारण शंभर ग्रॅमची, भरलेल्या गॅसचं वजन वर छापलेलंच असतं, २२० ग्रॅम. एक लिटर पाणी उकळायला वाऱ्यात पंधरा-वीस ग्रॅम धरायचे. तिनं प्रत्येक डबीत उरलेल्या गॅसचे ग्रॅम चिकटपट्टीवर लिहून पाचही डब्यांना डकवले: ११८, ९०, ७४, ६२, ४०. एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

त्या शनिवारी पायथ्याच्या पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो. नवी डबी घेतली नाही. खरं तर तिथे आता स्टोचीच गरज नाही, गावातली मंडळी वर पिठलं-भाकरी करून देतात आणि ती माझ्या खिचडीपेक्षा पुष्कळ चांगली असते. पण पहाटे पाचला कोकणकड्यावर वारा खालून वर येत असतो, कुणीही उठलेलं नसतं, तेव्हाचा चहा आपला आपणच करावा लागतो. ६२ची डबी नेली होती, संपवायचीच म्हणून. चौघांचा चहा झाला. उन्हं आल्यावर आणखी एकदा झाला. उतरताना कानाशी धरली, तर खुळखुळ.

घरी आल्या आल्या काट्यावर ठेवली. रिकामीचे शंभर वजा करून एकवीस.

बायकोनं जुनी चिकटपट्टी काढून नवी लावली आणि डबी खोक्यात परत ठेवली.