डोळ्यातला ठिपका

परवा दुपारी आईकडे रद्दी बांधायला बसले आणि तासाभरात सुतळीचा एक वेढाही झाला नाही. एका जुन्या दिवाळी अंकात गौतम राजाध्यक्षांनी काढलेला एका नटीचा फोटो निघाला. नटी कोण ते विचारू नका. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, तिच्या बुबुळांतले पांढरे ठिपके बघत बसले.

हे खूळ चार महिन्यांचं. भाच्याने नवा कॅमेरा घेतला, जुना माझ्या गळ्यात अडकवला आणि वर सल्ला दिला, "मावशी, आधी दुसऱ्यांचे फोटो बघ. रोज एक. नुसतं 'छान' म्हणून पुढे जाऊ नकोस." मग काय म्हणायचं, ते त्याने सांगितलं नाही. ठिपके माझे मी शोधले. ठिपका घड्याळातल्या दहाच्या जागी असेल, तर उजेड वरून, आपल्या डाव्या हाताने आलेला. मोठा, चौकोनी असेल तर खिडकी किंवा पडदा लावलेला दिवा. इवलासा आणि अगदी मधोमध असेल तर फ्लॅश, म्हणजे आमच्या घरातली सगळी बारशी. राजाध्यक्षांच्या फोटोत गालावरची सावली नेमकी कुठे सुरू होते, तिथे बोट ठेवता येत नाही. हे गृहस्थ आधी झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकवायचे आणि १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात गेले, हे कळल्यापासून मला उगीचच धीर आलाय.

अर्थात नुसतं बघून सगळं येत नाही. रघू राय यांचा १९९५ सालचा चर्चगेटचा फोटो आहे ना, गर्दी धुरासारखी वाहतेय आणि पेपर वाचत बसलेली माणसं तेवढी ठाम? मीही गेले. खांबाला टेकले, श्वास रोखला, अर्धा सेकंद शटर उघडा ठेवला. गर्दी वाहिली. बाकही वाहिलं.

तर, त्या नटीच्या डोळ्यांतून मान वर केली ती भिंतीवरच्या आजोबांकडे. ते माझ्या जन्माआधीच गेले. परीक्षेला निघताना त्या फोटोला नमस्कार करायचा, हा नियम. "कुठूनही बघ, आपल्याकडेच बघतात," असं आई म्हणायची. मी ते दाराआडून, कॉटखालून, एकदा तर कपाटावर चढून तपासलं होतं. बघायचे. फडताळातला बेसनाचा लाडू उचलतानाही बघायचे, म्हणून मी तो पाठमोरी खायचे.

आजोबांचे ठिपकेही दहाच्या जागी. म्हणजे उजेड डावीकडून. पण नाकाची सावलीही डावीकडेच पडलेली! चार महिन्यांचं माझं सगळं शास्त्र तिथे अडलं. खुर्चीवर चढून आईचं पंचांग वाचायचं भिंग काचेला लावलं. ठिपके ब्रशने दिलेले होते. एक तर बुबुळाबाहेर जरासा सांडलेला.

आई आतून म्हणाली, "पडशील."

"आई, हे डोळे रंगवलेत!"

"मग? कोटसुद्धा रंगवलेलाच आहे. मामंजींनी जन्मात कोट घातला नाही." ती पदराला हात पुसत बाहेर आली. "ते गेल्यावर लक्षात आलं, की एकट्याचा असा फोटोच नाही. वन्सांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून काढून मोठा करून घेतला. त्यात नेमके डोळे मिटलेले. स्टुडिओवाला म्हणाला, काही हरकत नाही, उघडून देतो."

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सांगावा तितक्या सहज. परीक्षेचे सगळे नमस्कार, तो लाडू, सगळं मला आठवून गेलं.

"पण त्याने आजोबांना कुठे पाहिलं होतं? डोळे काढले कसे?"

"ह्यांना बसवलं ना समोर. दोन दिवस जात होते. ऑफिसला दांडी मारून."

मी खुर्चीवरून उतरले नाही. बाबा रोज सकाळी ह्याच फोटोच्या काचेत बघून भांग पाडायचे. आरसा शेजारीच होता.