अंड्यातलं वांगं

आमच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं होतं. खरे खेळ निघाले वीस-बावीस, बाकी सगळी त्यांचीच पिल्लं. कॅसेट लागली नाही की उपटायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. हे खेळ बनवतं कोण, असा प्रश्न सुट्टीत कोणाला पडतो?

मला तो परवा पडला. शोधलं, तर माझे लाडके खेळ बहुतेक एकाच घरचे निघाले. आयलंडर, बॉम्बरमॅन, लोड रनर आणि तो दोन पेंग्विनांचा खेळसुद्धा. डावीकडचं बटण दाबलं की एक डावीकडे जायचा, दुसरा उजवीकडे. त्यावरून ताईचं आणि माझं जे काही झालंय ते असो. कंपनीचं नाव हडसन. गाव जपानच्या उत्तरेकडचं, बर्फातलं साप्पोरो. १९७३ साली कुदो बंधूंनी ती काढली, तेव्हा ते हौशी रेडिओवाल्यांना लागणारं सामान विकायचे. वाफेच्या इंजिनांचं वेड, म्हणून इंजिनाच्या एका जातीचंच नाव दुकानाला दिलेलं. पुढे १९८४मध्ये निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर खेळ आणणारी पहिली बाहेरची कंपनी हीच.

मला मात्र आवडला तो यांचा काटकसरी संसार. फॅमिकॉमवरचा बॉम्बरमॅन पाहिलात ना? तो मुळात लोड रनरमधला मागे लागणारा शत्रू. तेच चित्र उचलून १९८५मध्ये त्याला नायक केला. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करावा, तसं. आयलंडर, म्हणजे १९८६चा ॲडव्हेंचर आयलंड, त्याहून पुढचा. खेळ दुसऱ्या कंपनीने बनवलेला वंडर बॉय. पण त्याचं नाव आणि पात्रं सेगा या तिसऱ्याच कंपनीकडे अडकलेली. मग यांनी नायकाच्या जागी कोण उभा केला? आपल्याच कंपनीतला एक नोकरदार! ताकाहाशी मेइजिन. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतो, म्हणून जपानभरची पोरं त्याच्यावर फिदा. त्यालाच पानांचा घागरा नेसवून कुऱ्हाडी फेकायला बेटावर सोडला.

आणि ते वांगं! अंडं फोडलं की कधी स्केटबोर्ड निघायचा, कधी वांगं. ते डोक्यावर घिरट्या घालत अंगातली सगळी ताकद शोषून घ्यायचं. आमच्या घरी भरल्या वांग्याचा बेत असला की मी हेच कारण पुढे करायचो. आईला ते कधीच पटलं नाही.

तिला ताकाहाशी नक्की आवडला असता. पोरांचा हा देव पोरांनाच सांगायचा, खेळ दिवसातून एकच तास. आमच्याकडे हेच वाक्य 'ॲडाप्टर तापलाय, बंद करा' असं यायचं.

१९९७मध्ये होक्काइदोतली, म्हणजे साप्पोरो आहे त्या बेटावरची, मोठी बँक बुडाली. हडसनला पैसा पुरवणारी तीच, तिथून कंपनीचे दिवस फिरले. १ मार्च २०१२ला हडसन कोनामीत विलीन झाली. कोनामी म्हणजे काँट्रावाले, सर्कस चार्लीवाले. साप्पोरोत त्या दिवशी लोकांना किती वाईट वाटलं असेल. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये मात्र दोघं कधीपासूनच एका छपराखाली राहत होते, भाडं न भरता.