गटाच्या वह्या

रविवार, रात्र

दुपारभर बचत गटाच्या वह्या घेऊन बसले होते. उद्या परत ऑफिस, जीएसटीची वीस तारीख तोंडावर आलीय, तरी हे आजच लिहून ठेवावंसं वाटतंय.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या अकाउंट्सला लागले तेव्हा नुकतीच बीकॉम झाले होते, कामाला सुरुवात व्हाउचर लावण्यापासून. आता कॉस्टिंग, ऑडिट, बँक सगळं माझ्याकडेच. कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठी बँकेचं कर्ज, हवं असेल तर दर महिन्याला मालसाठ्याचं स्टॉक स्टेटमेंट द्या, रिन्यूअलला ऑडिट झालेला ताळेबंद द्या, कारखान्याचं नाव गावात कितीही चांगलं असलं तरी बँक आधी कागदच बघते, आणि ते बरोबरच आहे.

गटाचंही तेच. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं 1992 साली गट आणि बँक जोडायला सुरुवात केली त्यामागं हाच विचार होता की ज्या बाईचं सातबाऱ्यावर नाव नाही, गहाण ठेवायला काही नाही, तिची पत तिच्या गटाच्या व्यवहारावरून ठरावी. आज 20 लाखांपर्यंत गटाला तारण लागत नाही. पण मग तारणाच्या जागी बँक बघणार काय, तर वह्या. पंचसूत्रीत, म्हणजे गटाच्या पाच नियमांत, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड या चारही गोष्टी आमच्या बायका चोख पाळतात, पाचवी जी वह्या अद्ययावत ठेवायची तिथं गाडी अडते. सचिव बाई दिवसभर शेतात नाहीतर कंपनीत, रात्री लिहिणार कधी? म्हणून मी रविवारी जाते. कुणी म्हणतं समाजसेवाच करायची तर शिबिरं घ्या, झाडं लावा. तेही करावंच, पण मला हिशोब येतो, तर मी हिशोबच देणार ना.

आज कर्जाची वही तपासताना एक गोष्ट दिसली. एका ताईनं 5,000 घेतलेत, शेकडा दोन रुपये महिना, हप्ता 500. पाच हप्ते फिटलेत आणि व्याज मात्र दर महिन्याला 100 च लावलंय, म्हणजे मुद्दल निम्मी झाली तरी व्याज अख्ख्या पाच हजारांवर. दहा महिन्यांत 1,000 रुपये. तेच घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलीवर, धरलं तर 100, 90, 80 असं उतरत जाऊन 550 होतात. मी पाटीवर दोन्ही रकाने शेजारीशेजारी मांडले. सगळ्या गप्पच झाल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "अगं पण व्याज आपल्याच गटात ऱ्हातंय की, जास्त आलं तर बिघडलं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितलं, मावशी, व्याज गटात राहतं खरं, पण वाटणी सगळ्यांची होते आणि भरते ती एकटीच, जिला दवाखान्यासाठी नाहीतर पोरांच्या फीसाठी नड होती ती. जिनं कर्ज उचललंच नाही तिला त्यातला वाटा बसल्या जागी मिळतो. यावर जी ताई हप्ते भरतेय ती काहीच बोलली नाही, पण तिच्या शेजारणीनंच विषय लावून धरला. ते मला फार आवडलं. मी नुसते आकडे मांडले, निर्णय त्यांनी घेतला. पुढच्या महिन्यापासून घटत्या शिल्लकीवर व्याज, तसा ठराव इतिवृत्त वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, एका आज्जींनी अंगठ्याऐवजी पहिल्यांदाच सही केली, अक्षर मोठं आणि रकान्याबाहेर गेलेलं, पण सही.

चालू कर्जांवर आधीच जादा गेलेल्या व्याजाचं काय, यावर मात्र एकमत झालं नाही. काहीजणी म्हणतात मुद्दलीत वळतं करून घ्या, काही म्हणतात मागचं उकरू नका. माझं मत विचाराल तर वळतं करावं. प्रत्येकीचं किती निघतं ते खतावणीवरून, म्हणजे प्रत्येकीचं खातं असलेल्या वहीवरून, काढून तक्ता करून ठेवते, म्हणजे पुढच्या बैठकीत आकडे समोर ठेवून बोलता येईल.